डावीकडचा अर्धा मिलिमीटर

आज दुपारी वीज गेली तेव्हा मी तुमच्या खोलीत जाऊन बसले, दाजी. तुम्ही गेल्यापासून तिथे पाऊल टाकायचं टाळत होते. रोज तुमचं दार ओढून घ्यायचे आणि पुढच्या खोलीत पेशंटच्या तोंडात डोकं घालून बसायचे. आज दिवा विझला, पेशंट नव्हता, टाळायला काही उरलं नाही.

पंखा थांबला की तुमच्या खोलीत जी शांतता उतरते, ती दवाखान्यात दुसरीकडे कुठे नाही. अकरा वर्षांचं प्लास्टर भिंतींत मुरलंय, तेच आवाज पिऊन टाकत असावं. खिडकीबाहेर माडाची झापं हलत होती, पण त्यांची सळसळ आत येत नव्हती. प्लास्टर कालवायचा रबरी वाडगा पालथा होता. खिळ्यावरचा तुमचा पंचा ताठ उभा होता. त्यातलं कापड केव्हाच संपलंय, उरलंय ते प्लास्टर. आणि फळ्यांवर प्लास्टरचे जबडे. वरचा आणि खालचा, जोडीजोडीने, ज्यांचे ज्यांचे दात आपण सरळ केले त्या सगळ्यांचे, तारा काढल्यावर घेतलेले. भिंतीकडे तोंड करून, शिक्षा झालेल्या वर्गासारखे. असे का ठेवता, असं मी एकदा विचारलं होतं. "दातांवर धूळ बसता," म्हणालात. आणि मग, "हयसर गर्दी आसा, पण कोण उलट बोलणा नाय."

मी तुमच्या स्टुलावर बसले आणि मला डुलकी लागली. डुलकीत तुम्ही गुडघाभर पाण्यात उभे होतात. लेंगा वर खोचलेला, हातात एक पांढरा जबडा, एक डोळा मिटून तो उन्हाकडे धरलेला. मी वाळूवरून हाक मारत होते, दाजी, पेशंट आलाय. तुम्ही मान वळवली नाहीत. रिकाम्या हाताने खुणावत होतात, मागे, अजून मागे. "वायच लांब जावा, डॉक्टरबाय." मी एकेक पाऊल मागे सरत होते, पायांखालची वाळू निघून जात होती आणि तुम्ही काही लहान होत नव्हतात.

जाग आली तेव्हा पंखा फिरत होता. समोरच्या टेबलावर मी येताना बरोबर आणलेला करुणाचा ट्रे होता, मुंबईहून आलेला, खोक्यातून अर्धा बाहेर काढलेला. त्या ट्रेबद्दल तुम्हाला लिहायचं आहे. पण ते लिहायला मला बरंच मागून यावं लागेल.

अठ्ठ्याण्णव साली तुम्ही कट्टा गावाहून आलात. मी शिकून मालवणात परतले होते, दवाखान्याच्या पाटीचा रंग अजून ओला होता, आणि पाटीवरचा माझा 'ऑर्थोडॉन्टिस्ट' हा लांबलचक शब्द वाचून लोक दात काढून घ्यायला यायचे. तुम्ही दारात उभं राहून म्हणालात, "माका कवळ्यो करूक येतत." मी म्हटलं, मला कवळ्या नकोत. तोंडात आहेत त्या दातांचे साचे हवेत. "मगे बराच झाला," तुम्ही म्हणालात. "म्हाताऱ्यांचे दात पुष्कळ केलंय. आता पोरांचे करतंय."

तुमचे वडील होड्या बांधायचे. भावाशी बिनसलं म्हणून तुम्ही ऐन तरुणपणी फोंडाघाट चढून कोल्हापूरला गेलात आणि एका कवळीवाल्याच्या हाताखाली राहिलात, एवढंच तुम्ही सांगितलंत, तेही हळूहळू, दोन-तीन वर्षांत मिळून. पण पहिल्या दिवशी तुम्ही जो साचा केलात, त्याने सगळं सांगितलं होतं. सुकलेला जबडा तुम्ही साबणाच्या पाण्यात बुडवलात, पुन्हा सुकवलात, आणि मऊ फडक्याने घासत बसलात. तासाभराने तो शिंपल्याच्या आतल्या अंगासारखा चमकत होता. मी म्हटलं, असा साचा मी कॉलेजातही पाहिला नाही. सहज बोलले आणि विसरले. तुम्ही मात्र त्या एका वाक्यावर अकरा वर्षं प्रत्येक जबडा साबणाने घासलात.

ब्रॅकेट म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको, पण मला ते आज स्वतःला पुन्हा सांगायचं आहे. दात सरकतो तारेने. कुठे सरकायचं ते मात्र ब्रॅकेट ठरवतं, दातावर चिकटवलेला तो तांदळाच्या दाण्याएवढा धातूचा ठोकळा. वरच्या दातावर तो जरा वर लागला तर दात खाली उतरतो. तिरका लागला तर दात मान तिरकी करतो. चूक होते अर्ध्या मिनिटात आणि दिसते दीड वर्षाने. मी ते हाताने लावायचे. गालात कापसाचे बोळे, पोर लाळ गिळायला धडपडतंय, आणि मी उजवीकडून वाकून, चिमट्यातला ठोकळा दातावर टेकवताना श्वास धरून ठेवायचे. त्या धरलेल्या श्वासाचा मला फार अभिमान होता, दाजी. पुस्तकांनी मला दिलेलं सगळं त्या एका श्वासात आहे असं वाटायचं.

मधे एकदा असं झालं की सकाळी आले तर माझं स्टूल खुर्चीच्या डावीकडे. मी विचारलं, हे कुणी केलं?

"मी. दिव्याची वायर उजवीकडे पुरणा नाय."

"दाजी, मी उजव्या हाताने काम करते. डावीकडे बसून काय करू?"

"एकदा बसान बघा तरी."

"दाजी!"

"ऱ्हवला." तुम्ही स्टूल उचलून पुन्हा उजवीकडे आणलंत. मी ते दुपारपर्यंत विसरूनही गेले.

मग दोन हजार नऊमध्ये मुंबईतल्या एका लॅबचं माहितीपत्रक आलं. साचा पाठवा, आम्ही तो प्रकाशाने मोजून कॉम्प्युटरमध्ये उतरवू. ब्रॅकेट कुठे बसवायचं ते तुम्ही पडद्यावर ठरवा. मग सगळी ब्रॅकेटं आपापल्या जागी बसवलेला एक मऊ ट्रे येईल, तो दातांवर दाबायचा की झालं. मी ते पत्रक खणात टाकलं. तुम्ही ते बाहेर काढलंत, शब्दकोश मागून घेतलात आणि आठवडाभर बसमधून येताजाता वाचलंत.

लोक अजून मला विचारतात, कॉम्प्युटर आल्यावर दाजींना वाईट वाटलं असेल ना? मला हसू येतं. वाईट मला वाटत होतं.

"दात बघायला हात लागतो, दाजी."

"लागताच. पण हाताक घाई असता. पोराचा तोंड उघडा, लाळ गळता, तुमची कंबर दुखता. त्यापेक्षा हय बसान निवांत बघूया. चुकला तर पुसून परत लावूया. तोंडात पुसूक येता?"

"मी अकरा वर्षांत किती चुकले?"

तुम्ही वाडग्यातलं प्लास्टर ढवळत राहिलात. मला तेव्हा वाटलं, मी जिंकले.

तरी मी हो म्हटलं, तुमच्या हौसेखातर, एका पेशंटपुरतं. पेशंट करुणा. मच्छीमार्केटात बसणाऱ्या शेवंतीकाकीची चौदा वर्षांची मुलगी, डावा सुळा हिरडीत वर अर्धा अडकलेला, हसताना तोंडावर हात धरणारी. तुम्ही तिचे साचे केलेत आणि कापसात गुंडाळून मुंबईला पाठवलेत. पाचव्या दिवशी लॅबमधल्या मुलाचा फोन. "मॅडम, मशीनला यातलं काहीच दिसत नाहीये, नुसती चकाकी येतेय. मॉडेलला काही लावलंय का?"

मी फोनवर हात ठेवून तुमच्याकडे बघितलं. तुमचा चेहरा मी कधी विसरणार नाही. लग्नात वराकडच्यांना जेवण आवडलं नाही असं कळावं, तसा.

"साबण," तुम्ही हळूच म्हणालात.

दुसरा साचा बिनसाबणाचा गेला. तो बांधताना तुम्ही म्हणालात, "उघडोच धाडतंय बिचाऱ्याक." आणि मग आपण दोघं इतकं हसलो की बाहेर बाकावर बसलेले पेशंट आत डोकावले.

त्यानंतर एका दुपारी करुणाचा जबडा फोनच्या तारेतून आला. आठवतं? किती वेळ लागला होता. पडद्यावर वरून एकेक पट्टी उतरत होती. आधी टाळूची कमान, मग हिरड्या, मग दात, ओहोटीला खडक उघडे पडत जावेत तसे. आपण दोघं चहा विसरून बघत होतो. मग तो जबडा निळ्या पोकळीत एकटाच तरंगायला लागला. तुम्ही माऊस धरलात आणि तो हळूहळू उलटा केलात, पाठीमागून, आतून, घशाच्या बाजूने. "आजपर्यंत हयसून जिभेनच बघितल्यान," तुम्ही म्हणालात. माझ्या सगळ्या पुस्तकांत इतकं सुंदर वाक्य नव्हतं.

त्याच दुपारी तुम्ही वडिलांची गोष्ट सांगितलीत. होडीवाला स्वतः उभा राहून हट्टाने एखादी फळी चुकीची बसवून घ्यायचा. वडील बसवायचे. मग त्याला सांगायचे, जा, वायच पाण्यात जाऊन लांबून बघून ये. तो गुडघाभर पाण्यात जायचा, वळायचा, बघत राहायचा, आणि परत येऊन आपणच म्हणायचा, ही फळी काढ. "बाबान कधी कोणाक 'तुजा चुकला' म्हणान सांगूक नाय."

मी विचारलं, "आणि त्याला लांबूनही दिसलं नाही तर?"

"मगे तशीच होडी. होडी तेची, समुद्र तेचो."

मी हसले. किती जवळ येऊन उभे होतात तुम्ही, दाजी, आणि मी फक्त हसले.

लॅबने ब्रॅकेटं त्यांच्या मोजमापाने बसवून पाठवली होती. मला डावीकडची दोन खाली वाटली, सुळ्याचं आणि त्याच्या शेजारचं. माझा हात त्यांना तिथे कधीच ठेवत नसे. मी ती थोडी वर ओढली. अर्धा मिलिमीटर. तुम्ही प्लास्टर कालवता कालवता उठून आलात आणि ओलं बोट पडद्याच्या काचेवर टेकवलंत. "नाय, डॉक्टरबाय. हय. वायच खाली."

"बरोबर आहे ते."

"उजवीकडचा बघा नि ह्या बघा."

"बघितलंय."

"परत एकदा बघा."

बाहेर बाकावर चार माणसं होती. शेवंतीकाकी टोपली पायाशी घेऊन बसली होती. दार उघडं होतं. आणि मी म्हटलं, "दाजी, तुम्ही प्लास्टर बघा. दात मी बघते."

माझा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. रागाचं बोलणं विसरता येतं.

बाहेरून शेवंतीकाकी म्हणाली, "दाजी, गप ऱ्हव रे. बाय शिकलेली आसा."

"आसाच," तुम्ही म्हणालात. मग मला, "तुमची मर्जी." आणि पंच्याला हात पुसलेत.

दुसऱ्या दिवशी तुम्ही पहिल्या बसने आलात, कारण सकाळी लवकर इंटरनेटची लाईन बरी मिळायची, आणि फाईल पाठवलीत. त्यानंतरचे सात दिवस आपण बोललो ते सगळं मला पाठ आहे. प्लास्टरचं पोतं संपत आलंय. नळाचा वायसर बदलायला हवा. एकदा मी सुरुवात केली होती, "दाजी, त्या दिवशी मी..." तुम्ही लगेच म्हणालात, "चाय घेतलास?" आणि मी चहा घेतला. मला सुटल्यासारखं वाटलं हेही इथे लिहून ठेवते.

आठव्या दिवशी तुम्ही आला नाहीत. मी घड्याळ बघून चिडले. साचा ओतायचा राहिला होता, आणि तुम्ही कट्ट्याची बस चुकवली असणार. बस तुम्ही खरंच चुकवली होती. स्टॉपवरून घरी परतलात, जरा पडतो म्हणालात. दहा वाजता तुमच्या मुलाचा फोन आला, आणि तो बोलत असताना माझ्या हातातला साचा सुकत चालला होता, आणि मला पहिल्यांदा तेच सुचलं, आता हा दाजी कसा ओततील.

तर आज. डुलकीतून उठले आणि करुणाचा ट्रे ठेवायला फळीवर जागा करायला लागले. एक जबडा हातात घेतला, आपला दोन हजार सालचा, पहिल्याच मुलीचा, आणि भिंतीकडचं तोंड माझ्याकडे वळवलं. दातांवर पेन्सिलीची एक रेषा होती. इतकी बारीक की आधी मला तो केस वाटला. समोरच्या दातांवरून आडवी, अगदी सरळ, उजव्या सुळ्याच्या टोकापासून निघालेली. डावा सुळा आणि त्याच्या शेजारचा दात त्या रेषेच्या खाली उतरले होते. केसभर.

मी दुसरा वळवला. रेषा. तिसरा. सगळे वळवले, दाजी. स्टुलावर चढून वरच्या फळीवरचेही. हाताला पांढरी साबणी गुळगुळीत साय लागत होती, आणि प्रत्येकावर तुमची रेषा, आणि प्रत्येकाचा डावा सुळा रेषेखाली. एकच सरळ निघाला, त्या मुलाचा, ज्याची मान लचकली होती आणि जो ब्रॅकेटं लावताना पूर्ण माझ्याकडे वळून झोपला होता. तेव्हा मला स्टूल आठवलं.

मी उजवीकडे बसते. डावीकडचे दात मला तिरपे दिसतात. अकरा वर्षं मी प्रत्येक तोंडात डावीकडचं ब्रॅकेट जरासं वर लावत आले आणि श्वास धरून लावत आले. कुणाची तक्रार नाही. आरशात कुणाला दिसणार नाही. कुठल्या लग्नाच्या फोटोत दिसणार नाही. फक्त तुम्हाला दिसलं, कारण तुम्ही सगळ्यांचे जबडे एका फळीवर मांडत होतात.

मी मागे सरत दारापर्यंत गेले. तिथून बघितलं. जवळून प्रत्येकाचा दोष केसभर होता. लांबून सगळ्या फळ्या एकाच अंगाला कललेल्या दिसत होत्या, एकाच वाऱ्यात नांगरलेल्या होड्यांसारख्या.

तुम्हाला कॉम्प्युटर का हवा होता ते मला आत्ता कळलं. मी त्याला तुमची हौस समजले. तुम्ही मला पाण्यात पाठवत होतात. माझी चूक एखाद्या परक्या यंत्राने मला दाखवावी, जे मालवणातलं नाही, ज्याला मी ओळखत नाही, ज्याच्यापुढे माझी मान खाली जाणार नाही. आणि मी पाण्यात गेले, वळले, आणि मला दिसलं नाही.

एक शंका उरली होती. तुम्ही सकाळी एकटेच होतात. फाईल पाठवायच्या आधी ती दोन ब्रॅकेटं हळूच खाली ओढणं तुम्हाला सहज जमलं असतं. मी करुणाचा ट्रे तिच्या साच्यावर बसवून मोजून बघितला. अर्धा मिलिमीटर वर. मी ठेवली होती तशीच्या तशी. होडी तेची, समुद्र तेचो. मला तुमचा राग आला, दाजी. फसवलं असतंत तर आज मी सुटले असते.

चारला करुणा आणि शेवंतीकाकी आल्या. करुणा खुर्चीवर चढून तोंड उघडून तयारच. मी म्हटलं, आज नाही. हा ट्रे लावता येणार नाही. नवा मागवायचा, पंधरा-वीस दिवस लागतील.

"काय गो बाय," शेवंतीकाकी म्हणाली, "दात लावतस की होडी बांधतस? माझी टोपली थय कोणाच्या जीवावर टाकून इलंय!"

"मापात चूक झालीय, काकी."

"कोणाची? त्या मुंबयवाल्यांची?"

उत्तर देणं किती सोपं होतं. मुंबईकडे बोट दाखवता आलं असतं, कॉम्प्युटरकडे दाखवता आलं असतं. आणि तुमच्याकडेही. गेलेला माणूस काय म्हणणार होता? काकीने मानही डोलावली असती, म्हातारो होतो, नजर गेली हुती. करुणा तोंड उघडं ठेवूनच माझ्याकडे बघत होती.

दवाखान्यात मी कधी मालवणी बोलत नाही. तुम्ही त्यावरून मला चिडवायचात. घरात एक नि हय एक, दात काय वेगळे आसत? आज तोंडातून आपोआप तेच आलं.

"नाय काकी. चूक माजी."

तिने डोक्यावरचा पदर नीट केला. मग म्हणाली, "त्या दिवशी दाजी वायच खाली, वायच खाली म्हणी होतो, ताच काय?"

"ताच."

"नि मिया तेका गप ऱ्हव म्हटलंय." ती उठली. "चल गो, करुणा. मिट तोंड." दाराशी थांबून म्हणाली, "बरा करून घे, बाय. आमका घाई नाय."

त्या गेल्यावर मी लॅबला फोन केला, माझ्याच शब्दांत माझी चूक सांगितली, आणि फाईल उघडली. पडद्यावर तुमचं बोट अजून आहे, दाजी. प्लास्टरचा वाळलेला ठसा, त्यातल्या बारीक वलयांसकट. महिनाभर मी त्याच्या आजूबाजूने काच पुसत होते, का ते न विचारता. आज करुणाचा जबडा निळ्यातून वर आला, मी तो फिरवला, जवळ आणला, डावा सुळा तुमच्या बोटाखाली येईपर्यंत. मग ब्रॅकेट खाली ओढलं. वायच. ठशाने झाकलं जाईपर्यंत.

फळीवरच्या बाकीच्यांचं काय करायचं ते मला अजून ठाऊक नाही. ते मोठे झाले, मुंबईला गेले, कुणाकुणाची लग्नं झाली. पण त्यांची तोंडं मी आता खोलीकडे करून ठेवली आहेत. धूळ बसली तर पुसेन.

जाण्याआधी एक काम केलं. स्टूल उचलून खुर्चीच्या डावीकडे नेलं आणि दिवा तिथपर्यंत ओढून बघितला. वायर इथेही पुरते, दाजी. वर हातभर उरतेसुद्धा.